अथेन्सचे सुरुवातीचे राजे : भूमिपुत्रांच्या यादीत बाहेरचे किती?

वेताळटेकडी

नमस्कार मंडळी. ग्रीक पुराणकथांवर इथे आधी धागे झालेत पण गाडी नेहमी झ्यूस नाहीतर ट्रॉयकडे वळते, म्हणून फक्त अथेन्सच्या राजांवर हा वेगळा धागा. केक्रोप्सपासून कॉड्रसपर्यंतची यादी, म्हणजे लोकशाही वगैरे यायच्या कितीतरी आधीचे, दंतकथेतले राजे.

माझा मुद्दा आधीच सांगतो म्हणजे चर्चेला बरं. इ.स.पू. पाचव्या शतकातले अथेन्सवाले अगदी छातीठोकपणे सांगायचे की आम्ही कुठून आलेलो नाही, याच मातीतून उगवलो, आम्ही अस्सल भूमिपुत्र. बाकी शहरांचे मूळपुरुष बघा ना, थीब्सचा कॅडमस फिनिशियातून आला, आर्गोसचा डॅनाउस इजिप्तमधून, पेलॉप्स आशिया मायनरमधून. प्लेटोच्या मेनेक्सेनस या संवादात तर ही नावं घेऊनच सांगितलंय की आमच्यात हे असले कोणी मिसळलेले नाहीत. आणि या दाव्याचा आधार काय तर ही राजांची यादी. पण तीच यादी नीट वाचली तर दर दोन-तीन नावांनंतर एक बाहेरचा माणूस गादीवर बसलेला दिसतो. मला हे फार विलक्षण वाटतं.

सुरुवात अर्थातच केक्रोप्सपासून. कमरेच्या वर माणूस, खाली साप, आईबाप कोणी नाहीत, थेट जमिनीतून जन्म. त्याच्याच काळात अथीना देवी आणि समुद्रदेव पोसायडन यांच्यात शहर कोणाचं यावरून स्पर्धा लागली, पोसायडनने ॲक्रोपोलिसच्या (शहरातली किल्ल्याची टेकडी) खडकात त्रिशूळ मारला आणि खाऱ्या पाण्याचा झरा काढला, अथीनाने ऑलिव्हचं झाड लावलं, निकाल अथीनाच्या बाजूने. पार्थेनॉनच्या पश्चिमेकडच्या त्रिकोणी शिल्पपटात हाच प्रसंग होता. केक्रोप्सने एक नवरा एक बायको अशी लग्नाची रीत घातली, ॲटिकाची (अथेन्सभोवतीचा प्रदेश) १२ गावं बांधली असंही सांगतात, आणि देवाला जिवंत प्राणी न मारता पोळ्या वाहायला लावल्या असं पॉसॅनियस हा जुना ग्रीक प्रवासी लेखक लिहितो.

त्याच्यानंतर क्रानाउस, तोही मातीतलाच, आणि त्याला हाकलून अँफिक्टिऑन राजा झाला, जो एका परंपरेत महापुराच्या कथेतल्या ड्यूकॅलिऑनचा मुलगा म्हणजे उत्तरेकडून आलेला आणि क्रानाउसचा जावई. झालं, तिसऱ्याच नावाला बाहेरचा! १२ वर्षांनी त्यालाही हाकलून एरिक्थोनिअस आला आणि हा परत अस्सल मातीतला. लोहारकामाचा देव हेफेस्टस अथीनाच्या मागे लागला, तिने त्याला झिडकारलं, त्याचं वीर्य जमिनीवर पडलं आणि पृथ्वीच्या पोटी हे मूल आलं, मग अथीनाने ते टोपलीत घालून केक्रोप्सच्या मुलींकडे सांभाळायला दिलं, उघडू नका म्हणून बजावलं, त्यांनी उघडलं, आत मुलाभोवती साप दिसला आणि भयाने वेड्या होऊन त्यांनी ॲक्रोपोलिसवरून उड्या टाकल्या. यातली पांड्रोसॉस मात्र बहुतेक ठिकाणी वाचते.

पुढे पांडिऑन, एरेक्थिअस, दुसरा केक्रोप्स, दुसरा पांडिऑन, एजिअस, थिसिअस, मेनेस्थिअस, डेमोफॉन आणि शेवटी मेलँथस आणि त्याचा मुलगा कॉड्रस. (मधली दोन-तीन नावं गाळलीयेत, त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही.) यातला एजिअस दत्तक असल्याची कुजबुज होती, थिसिअस ट्रोझेनला आजोळी वाढलेला, मेलँथस तर पायलॉसहून पळून आलेला निर्वासित.

तर तुम्हाला काय वाटतं ते लिहा.

रानजाई

मस्त धागा. केक्रोप्सच्या स्पर्धेची एक गोष्ट यात यायलाच हवी. रोमन पंडित व्हॅरोने ती दिली होती आणि संत ऑगस्टिनमुळे ती आपल्यापर्यंत पोचली. त्या व्हर्जनमध्ये निकाल देव देत नाहीत, केक्रोप्स सगळ्या नागरिकांचं मतदान घेतो आणि तेव्हा बायकाही मत द्यायच्या. पुरुष सगळे पोसायडनच्या बाजूने, बायका सगळ्या अथीनाच्या, आणि बायका एकने जास्त भरल्या म्हणून अथीना जिंकली. मग पोसायडन चिडला, समुद्र जमिनीवर आणला, आणि त्याला शांत करायला बायकांना तीन शिक्षा झाल्या : यापुढे मत नाही, मुलांना आईचं नाव नाही, आणि त्यांना कोणी अथेन्सची नागरिक म्हणायचं नाही.

ही गोष्ट वाचून मी अक्षरशः थांबले होते. ज्या देवीचं नाव शहराला आहे तिला जिंकून देणाऱ्या बायकाच नागरिक नाहीत, आणि हे त्या लोकांनी स्वतःच आपल्या पहिल्या राजाच्या कथेत घालून ठेवलंय. ऑगस्टिनलाही हे खटकलंच होतं, तो म्हणतो की जिंकलेल्या देवीने आपल्या मतदारांचं रक्षणसुद्धा केलं नाही. तू बाहेरचे मोजतोयस ना, मग या आतल्याच असून बाहेर काढलेल्या पण मोज.

खापरखुंटी

यादी कशी तयार झाली त्यावर थोडं. दोन केक्रोप्स आणि दोन पांडिऑन कशाला, हा प्रश्न कोणालाही पडेल. अभ्यासकांचं साधारण म्हणणं असं की इ.स.पू. पाचव्या शतकाच्या शेवटी हेलॅनिकस आणि त्याच्यानंतरचे ॲटिकाचे इतिहासकार (फिलोकोरस वगैरे) जेव्हा या सुट्या सुट्या कथा एका सलग कालगणनेत बसवायला लागले तेव्हा ट्रॉयच्या युद्धापर्यंत पोचायला पिढ्या कमी पडत होत्या, म्हणून जुनीच नावं पुन्हा घालून भर केली. एरिक्थोनिअस आणि एरेक्थिअस पण मुळात एकच असावेत असं बऱ्याच जणांचं मत आहे. इलियडमध्ये एरेक्थिअसलाच पृथ्वीने जन्म दिला आणि अथीनाने वाढवलं असं आहे, तिथे एरिक्थोनिअस नावाचा कोणी अथेन्सचा राजा नाहीच.

आणि या यादीला वर्षं पण लावली होती बरं का! पॅरॉस बेटावर इ.स.पू. २६४-६३ मध्ये कोरलेला एक मोठा संगमरवरी लेख आहे, त्याची सुरुवातच केक्रोप्सपासून होते आणि कोरणारा सांगतो की तेव्हापासून आजपर्यंत १३१८ वर्षं झाली. म्हणजे आपल्या हिशोबात इ.स.पू. १५८१ च्या आसपास. त्याच लेखात ड्यूकॅलिऑनच्या महापुराचं वर्ष आहे, थिसिअसने १२ गावं एकत्र करून एक शहर केलं त्याचं आहे (इ.स.पू. १२५९ च्या सुमारास), ट्रॉय पडल्याचं पण आहे. सगळं एकाच सुरात, देव आणि माणसं एका ओळीत. दगडाचा मोठा भाग १६२७ मध्ये लंडनला नेला, आता ऑक्सफर्डला ॲशमोलियन म्युझियममध्ये आहे. वरचा केक्रोप्सवाला भाग पुढे हरवला पण त्याआधी सेल्डन नावाच्या विद्वानाने सगळा मजकूर उतरवून छापला होता म्हणून वाचला. दुसरा तुकडा १८९७ मध्ये पॅरॉसवरच सापडला.

आपल्याकडच्या पुराणांतल्या सूर्यवंश-सोमवंशाच्या याद्या ज्यांनी वाचल्यात त्यांना ही पद्धत ओळखीची वाटेल, नाव आहे, मुलगा आहे, राज्य किती वर्षं ते आहे, आणि अधूनमधून एखाद्या नावाला मोठी कथा.

सांजपाखरू

वाचतेय, फार छान चाललंय. एक बेसिक प्रश्न. यातलं खरं काही आहे का? म्हणजे त्या काळात अथेन्सला राजा होता तरी का?

वेताळटेकडी

@सांजपाखरू, केक्रोप्स नावाचा माणूस होता का याला काहीच पुरावा नाही. पण इ.स.पू. तेराव्या शतकात ॲक्रोपोलिसवर मायसीनी काळातला किल्ला होता हे नक्की. प्रचंड शिळांची तटबंदी होती, तिचा तुकडा आजही प्रॉपिलायाच्या (ॲक्रोपोलिसचं प्रवेशद्वार) दक्षिण बाजूला दिसतो, आणि उत्तरेच्या कड्यात खोल भेगेतून खाली पाण्यापर्यंत जायला जिना केला होता, वेढा पडला तर पाणी मिळावं म्हणून. म्हणजे इतकं बांधकाम करून घेणारी कोणीतरी सत्ता तिथे होती. पुढच्या पिढ्यांना त्या भिंती दिसत होत्या, आणि मला वाटतं राजांच्या कथांना तिथेच टेकू मिळाला असणार. पण भिंत खरी म्हणून राजाचं नाव खरं असं होत नाही.

@रानजाई, तुझा मुद्दा शंभर टक्के मान्य. पुढे पेरिक्लीस या पुढाऱ्याच्या नागरिकत्वाच्या कायद्यात आईचं नागरिक असणं मोजलं जातं पण आईला स्वतःला मत नाहीच.

कडेकपारी

मी थोडा असहमत आहे धागाकर्त्याशी. तू भूमिपुत्र आणि बाहेरचे यांना एकमेकांच्या विरुद्ध उभं करतोयस, पण अथेन्सवाल्यांना स्वतःला त्यात विरोध दिसतच नव्हता. इतिहासकार थुसिडिडीस अगदी सुरुवातीलाच सांगतो की ॲटिकाची जमीन हलकी, त्यामुळे तिच्यासाठी कोणी भांडलं नाही आणि तेच लोक तिथे राहिले, आणि लगेच पुढे म्हणतो की बाकी ग्रीसमधून युद्धात नाहीतर यादवीत हाकलले गेलेले मातब्बर लोक इथे आसऱ्याला यायचे, नागरिक व्हायचे आणि त्यामुळेच शहर इतकं वाढलं की पुढे आयोनियाला (आशिया मायनरचा किनारा) वसाहती पाठवाव्या लागल्या. दोन्ही गोष्टी एका दमात.

राजांच्या कथा पण तशाच. डेमोफॉन हेराक्लीसच्या पोरांना आसरा देतो, थिसिअस आंधळ्या ईडिपसला कोलोनसला जागा देतो, थीब्ससमोर मेलेल्या आर्गोसच्या वीरांचे अंत्यसंस्कार व्हावेत म्हणून थिसिअस लढायला जातो. ही शोकांतिका नाटकं डायोनिससच्या उत्सवात हजारो लोकांसमोर व्हायची. आसरा देणारं शहर ही त्यांची स्वतःबद्दलची लाडकी ओळख होती. मेलँथस हा त्यातलाच, पायलॉसहून आला, बिओशियाच्या राजाशी द्वंद्व करायला इथला राजा थायमोइटीस तयार होईना, मेलँथस उभा राहिला आणि जिंकला, म्हणून गादी त्याला. यात लपवण्यासारखं त्यांना काही वाटत नव्हतं.

वेताळटेकडी

@कडेकपारी, चांगला मुद्दा, पण मग प्लूटार्कचं थिसिअसचरित्र वाच परत. थिसिअस अथेन्सला आल्यावर पॅलसचे मुलगे, म्हणजे एजिअसचे पुतणे, काय म्हणून बंड करतात? की एजिअस पांडिऑनचा दत्तक, त्याचा एरेक्थिअसच्या रक्ताशी संबंध नाही, आणि आता हा दुसरा उपरा आमच्या डोक्यावर! आणि म्हातारपणी त्याची सत्ता जाते तेव्हाही मेनेस्थिअस लोकांना हेच सांगून भडकवतो की आपले गावोगावचे चांगले राजे आणि देव्हारे गेले आणि एक परका मालक होऊन बसला. मग थिसिअस स्कायरॉस बेटावर जातो आणि तिथला राजा त्याला कड्यावरून ढकलून देतो असं सांगतात. ज्या राजाने सगळी गावं एक करून शहर घडवलं त्यालाच परका म्हणून घालवलं.

आता खरा इतिहास बघ. इ.स.पू. ४७० च्या दशकात अथेन्सचा सेनापती सायमन स्कायरॉस जिंकतो, तिथे एका मोठ्या माणसाची हाडं मिळतात, भाल्याचं टोक आणि तलवार शेजारी, ती थिसिअसची म्हणून वाजतगाजत अथेन्सला आणतो आणि शहराच्या मध्यात देऊळ होतं. प्लूटार्क सांगतो की ते देऊळ गुलामांना आणि दुबळ्यांना आसऱ्याची जागा होतं. आणि त्यानंतर पंचवीसेक वर्षांत, इ.स.पू. ४५१-५० मध्ये, पेरिक्लीसचा कायदा येतो की आई आणि बाप दोघं अथेन्सचे असतील तरच नागरिक. थिसिअसची आई एथ्रा ट्रोझेनची राजकन्या! सायमनची आई थ्रेसची होती, थेमिस्टोक्लीसची आई पण परकी होती असं सांगतात. म्हणजे हाडं परत आणणारा सायमन आणि ज्याची हाडं तो थिसिअस, दोघंही या कायद्याखाली जन्मले असते तर नागरिक झाले नसते. तुझं आसरा देणारं शहर नाटकात होतं रे, असेंब्लीत नव्हतं.

कडेकपारी

असेंब्लीत पण होतं. इ.स.पू. ४२७ मध्ये युद्धात पडलेल्या प्लॅटिया शहराच्या वाचलेल्या लोकांना आसरा देऊन नागरिकत्व दिलंच होतं की. आणि ट्रोझेनचंच घे, इ.स.पू. ४८० मध्ये पर्शियन आले तेव्हा अथेन्सने बहुतेक बायका-पोरं ट्रोझेनलाच पाठवली होती, थिसिअसच्या आजोळी. ते नातं त्यांना लक्षात होतं. कायदा कडक झाला हे मान्य, पण म्हणून कथा खोटी दिखाऊ होती असं मी म्हणणार नाही, लोकांच्या मनात दोन्ही ओढी असतात आणि राजांच्या यादीत दोन्ही उतरल्यात.

खापरखुंटी

यात भर. क्लाइस्थेनिस या अथेन्सच्या सुधारकाने इ.स.पू. ५०८-७ मध्ये नागरिकांच्या १० नव्या टोळ्या पाडल्या, त्यांना नावं देण्यासाठी १०० मूळपुरुषांची यादी डेल्फीला (देववाणीचं ठिकाण) पाठवली आणि तिथून १० निवडून आले. त्यात केक्रोप्स, पांडिऑन, एरेक्थिअस, एजिअस हे चार राजे आहेत. थिसिअस नाही! त्याचा मुलगा अकामास आहे पण तो नाही. का नाही यावर बरेच तर्क आहेत, मला पटतो तो हा की थिसिअस सगळ्यांचा, त्याला एका टोळीला दिला तर बाकी नऊ जण काय म्हणतील. आणि त्या दहांत एजॅक्स आहे, सॅलॅमिसचा, म्हणजे तेही बाहेरचंच नाव, शेजारी आणि युद्धातला साथीदार म्हणून घेतला असं हेरोडोटस स्पष्ट लिहितो. त्यामुळे कडेकपारी यांच्या बाजूला माझं अर्धं मत.

या दहाजणांचे पुतळे अगोरामध्ये (शहराचा मुख्य चौक) एका लांब चौथऱ्यावर ओळीने होते आणि त्याच्याखाली सरकारी नोटिसा लागायच्या. नव्या कायद्याचे मसुदे, सैन्यात कोणाला बोलावलंय त्याच्या याद्या, सगळं आपापल्या टोळीच्या पुतळ्याखाली बघायचं. राजा पुराणातला, काम रोजचं.

रानजाई

एरेक्थिअसबद्दल कोणीच काही लिहिलं नाही म्हणून मी लिहिते. एल्युसिसशी युद्ध लागतं, युमॉल्पस थ्रेसचं सैन्य घेऊन येतो, देववाणी होते की मुलीचा बळी दिलास तरच जिंकशील. युरिपिडिसचं यावरचं नाटक हरवलंय पण राणी प्रॅक्झिथिआचं एक लांब भाषण वाचलंय कारण लायकर्गस नावाच्या वक्त्याने इ.स.पू. ३३० मध्ये कोर्टात ते जसंच्या तसं म्हणून दाखवलं होतं, आणि आणखी काही भाग इजिप्तमधल्या ममीच्या वेष्टनाच्या पपायरसवर मिळाला. राणी म्हणते, मुलगे असते तर लढाईला पाठवले असतेच ना, मग मुलगी शहरासाठी दिली तर काय. आणि त्याच भाषणात ती म्हणते आम्ही इथलेच, बाकीची शहरं सोंगट्या हलवाव्यात तशी इकडून तिकडून आलेल्या लोकांची.

बघा, भूमिपुत्र असण्याचा अभिमान कुठे नेऊन ठेवतो ते. मातीने जन्म दिला म्हणून मातीला पोरगी परत द्यायची. मला ते भाषण वाचताना त्रास होतो, आणि लायकर्गस ते आदर्श म्हणून सांगत होता, एका पळून गेलेल्या माणसाविरुद्धच्या खटल्यात. शेवटी एरेक्थिअस पण जातो, पोसायडन त्याला जमिनीच्या भेगेत गाडतो.

याच एरेक्थिअसची एक मुलगी क्रेऊसा आणि तिचा मुलगा आयॉन, ज्याच्यावरून आयोनियन. पर्शियन लोक ग्रीकांना यौना म्हणायचे, आपल्याकडे यवन, कार्ल्याच्या लेण्यात धेनुकाकटच्या यवनांनी दिलेल्या खांबांवर लेख आहेत ना, ते नाव फिरत फिरत तिथवर आलंय.

सांजपाखरू

बाप रे, हे मला माहीतच नव्हतं. आणि मग शेवट कसा झाला राजांचा? कॉड्रसला काय झालं? आणि डिसेंबरात आमचं अथेन्सला जायचं ठरतंय, यातलं काय बघायला मिळेल?

खापरखुंटी

कॉड्रस : पेलोपोनीजवाल्यांकडे पीक बुडालं म्हणून ते ॲटिकावर चालून आले, डेल्फीने सांगितलं होतं की कॉड्रसला मारलं नाहीत तर शहर तुमचं. ही बातमी डेल्फीच्याच एका माणसाने अथेन्सला कळवली. कॉड्रस भिकाऱ्याचे कपडे घालून वेशीबाहेर सरपण गोळा करायला गेला, शत्रूचे दोघं चौकशी करायला आले, त्याने एकाला कोयत्याने मारलं आणि दुसऱ्याने त्याला. राजाचा देह मागायला अथेन्सचा दूत गेला तेव्हा शत्रूला काय झालं ते कळलं आणि ते परत गेले. नंतर म्हणे इतका चांगला राजा पुन्हा होणे नाही म्हणून राजेपणच बंद केलं, मुलगा मेडॉन तहहयात आर्कन (मुख्य अधिकारी) झाला, पुढे आर्कनची मुदत १० वर्षं, मग इ.स.पू. ६८३ च्या सुमारास १ वर्ष. दुसरा मुलगा नेलिअस आयोनियाला गेला. प्लेटोचं घराणं स्वतःला कॉड्रसचे वंशज म्हणवायचं.

म्हणजे बघा, राजेशाही संपवण्याचं श्रेय ज्या राजाला दिलं तो पायलॉसच्या निर्वासिताचा मुलगा. धागाकर्त्याच्या यादीत हे शेवटचं नाव सगळ्यात वजनदार आहे असं मला वाटतं.

वेताळटेकडी

@खापरखुंटी, अगदी. आणि @कडेकपारी, दोन्ही ओढी यादीत उतरल्यात हे तुझं वाक्य मी घेतो, माझा आक्षेप कथेवर नाहीच, कथा एवढी मोकळी असताना कायदा असा का, यावर आहे.

@सांजपाखरू, तिथे गेलात की ॲक्रोपोलिसवरच्या एरेक्थिऑन या देवळाला वेळ द्या, पार्थेनॉनच्या गर्दीत ते राहून जातं. उत्तरेच्या ओसरीत जमिनीत भोक आहे, खाली खडकावर त्रिशुळाच्या खुणा म्हणून दाखवतात ते, आणि बरोब्बर वर छतातही जागा उघडी सोडलीय. खाऱ्या पाण्याची विहीर आतच होती, दक्षिणेचा वारा सुटला की लाटांचा आवाज येतो असं पॉसॅनियसने लिहिलंय. खांबांच्या जागी सहा स्त्रियांच्या मूर्ती आहेत त्या ओसरीच्या शेजारच्या कोपऱ्यात केक्रोप्सची समाधी होती, अस्सल मूर्ती मात्र खाली ॲक्रोपोलिस म्युझियममध्ये बघा (पाच तिथे, एक लंडनला). पश्चिमेला ऑलिव्हचं झाड आहे ते आधुनिक काळातलं, पण पर्शियनांनी जाळलेल्या मूळ झाडाला दुसऱ्याच दिवशी हातभर कोंब फुटला होता असं हेरोडोटस सांगतो.

खाली अगोरात दहा राजे-वीरांच्या पुतळ्यांचा चौथरा आणि कुंपण अजून आहे. हेफेस्टसच्या देवळाला कित्येक वर्षं लोक थिसिअसचं देऊळ समजत होते कारण बाहेरच्या काही पट्ट्यांवर त्याचे पराक्रम कोरलेत, ते वर मान करून बघा. आणि मेट्रोच्या रुळांपलीकडे राजाच्या ओसरीचा पाया आहे. राजे गेले तरी एका वार्षिक अधिकाऱ्याला राजा हेच पद ठेवलं होतं, यज्ञयाग आणि धर्माचे खटले त्याच्याकडे, सॉक्रेटिसला आरोपाचं ऐकायला इ.स.पू. ३९९ मध्ये तिथेच जावं लागलं.

कॉड्रसच्या देवस्थानाची जागा ॲक्रोपोलिसच्या दक्षिणेला होती, आज तिथे वर काही दिसत नाही, पण तिचा एक शिलालेख आहे इ.स.पू. ४१८-१७ चा, कॉड्रस, नेलिअस आणि बसिले यांचं आवार भाड्याने द्यायचा ठराव, आणि त्यात भाडेकरूला अट घातलीय की कमीत कमी २०० ऑलिव्हची रोपं लावायची. डिसेंबरात जाताय तर पाऊस असू शकतो, संगमरवर घसरडा होतो, बूट चांगले घ्या.